भटूभाऊची झोळी

भटूभाऊ बैसाणे आणि मी सव्वीस वर्षं एकाच गाडीवर होतो. तो ड्रायव्हर, मी कंडक्टर. शिंदखेड्याहून नाशिक, दुसऱ्या दिवशी परत. त्याच्या चाकाखाली कधी कोंबडीसुद्धा आली नाही, हे तो स्वतःच गावभर सांगायचा. पण लळिंग घाटात गाडी अशी घुमवायचा की मागच्या सीटवरचे लोक खिडक्या उघडायला धडपडायचे. कोणी ओकलं की आरशातून माझ्याकडे बघून अहिराणीत म्हणायचा, "अय्युबभाई, पॅसेंजरनं पोटच खराब शे." पिशव्या वाटायला मी, पाणी मारायला मी, आणि दोष पॅसेंजरनं स्टँडवर खाल्लेल्या भजीला! सव्वीस वर्षांत त्यानं एकदा तरी स्वतःच्या वळणाला नाव ठेवलं असेल तर माझी टोपी घ्या.

रिटायर झाल्यावर त्याचे हात रिकामे झाले. मग सपना, त्याची एकुलती एक मुलगी, बाळंतपणाला माहेरी आली आणि चिऊ झाली. भटूभाऊनं पत्र्याच्या आढ्याला लुगड्याची झोळी बांधली, तिला दोरी लावली, समोर खुर्ची टाकली आणि पुन्हा ड्युटीवर रुजू झाला. चिऊ दूध पिऊन आईपासून सुटली रे सुटली की हे तिचे आबा तिला उचलायचे, झोळीत टाकायचे आणि दोरी ओढायचे. तोंडानं इंजिनाचा आवाज. पहिला गिअर, दुसरा गिअर, तिसऱ्याला तर झोळी भिंतीला टेकून यायची. पोरगी झोपायची, ही गोष्ट खरी. पण पाच मिनिटांत दूध गालावरून कानात आणि कानातून लुगड्यावर.

दोन महिने हेच चाललं होतं. सपना दिवसाला आठ-आठ झबली धुवायची. तिच्या सासूबाई केसरबाई जळगावला मेहरूणमध्ये राहतात. बाई मनानं चांगली, पण फोनवर नात बघायला बसली की नेमकी त्याच वेळी चिऊ गुळणी काढायची. चार वेळा असं झालं आणि केसरबाईंनी निकाल दिला की आईचं दूध पोरीला बाधतंय, अंगावरचं बंद करा. रविवारी मी न्यायला येतेय, येताना पावडरचे डबे घेऊन येते.

सपना त्या दिवशी चुलीपाशी बसून रडली. तिला दूध भरपूर होतं, पोरगी चवीनं प्यायची, आणि आता तेच दूध वाईट ठरलं होतं. माझी बायको रहिमाबी तिच्या पाठीवर हात फिरवत बसली. मला मात्र केसरबाईंचा राग आला. भटूभाऊलाही आला. तो म्हणाला, चला, दूध चांगलं आहे हे डॉक्टरकडूनच लिहून आणू.

शुक्रवारी आम्ही तिघं चिऊला घेऊन गेलो. डॉक्टर वृषालीताई तरुण आहेत, बोलतात कमी. त्यांनी आधी पोरीला काट्यावर ठेवलं. वजन छान वाढलं होतं. लंगोट दिवसाला किती ओले होतात, ओकारी हिरवी किंवा रक्ताची असते का, पिचकारीसारखी लांब उडते का, सगळं विचारलं. असं काही झालं, वजन अडलं किंवा पोरगी प्यायची थांबली, तर लगेच घेऊन या म्हणाल्या. तसलं काहीच नव्हतं. मग सहज विचारलं, दूध पाजल्यावर काय करता?

सपनानं मान खाली घातली. बापाचं नाव कसं घेणार बिचारी? पण भटूभाऊ छाती काढून पुढे सरकला. झोळीत टाकतो म्हणाला, आणि असं हलवतो. हातवारे करून त्यानं तिन्ही गिअर टाकून दाखवले.

डॉक्टरबाईंनी हसू दाबलं. "आबा, भरल्या पोटी तुम्हाला कोणी असं हलवलं तर?"

मला लळिंग घाट आठवला. मी खिडकीबाहेर बघू लागलो, नाहीतर हसून मेलो असतो.

त्यांनी समजावलं ते असं. एवढ्या लेकराच्या पोटाचं झाकण ढिलं असतं, थोडं दूध वर येणारच, बसायला लागली की कमी होतं. दूध बंद करायची काही गरज नाही, हे त्यांनी कागदावरही लिहून दिलं. थोडं थोडं पाजा. पाजलं की खांद्याशी उभी धरा, वीस-पंचवीस मिनिटं, पाठीवरून हलका हात फिरवा. ढेकर आला तर बरं, नाही आला तरी घाबरू नका. मग सपाट अंथरुणावर उताणी झोपवा, उशी नको.

घरी येऊन भटूभाऊनं दोरी सोडली आणि झोळीची घडी करून पेटीत टाकली. चिऊचं दूध झालं, तसं तिला खांद्यावर घेऊन भिंतीवरच्या घड्याळासमोर ताठ उभा राहिला. मी ओरडलो, गाडी वीस मिनिटं थांबेल, चहापाणी उरकून घ्या! त्यानं डोळे वटारले, पण हलला नाही. चिऊनं ढेकर दिला तशी मी तोंडानं डबल बेल दिली. दोन दिवसांत आठ झबल्यांवरून दोन-तीन झबल्यांवर आलो.

रविवारी केसरबाई आल्या. पिशवीतून डबे काढून ओट्यावर मांडले. सपना चिऊला घेऊन दारात उभी होती. मला वाटलं, आता भटूभाऊ डॉक्टरांचा कागद पुढे करेल. कागद त्याच्या खिशातच होता. पण तो विहीणबाईंच्या समोर येऊन हात जोडून उभा राहिला.

"सपनानं दूध चांगलं शे. चिऊनं पोटबी चांगलं शे," तो म्हणाला. "डायव्हर चुकना."

मग झोळीपासून सगळं स्वतःच सांगितलं, गिअरसकट. केसरबाई आधी बघत राहिल्या, मग तोंडाला पदर लावून हसल्या. सपना हसता हसता रडत होती. केसरबाईंनी तिला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, माझंच चुकलं गं, आधी विचारायला हवं होतं.

त्यांनी एकेक डबा उचलून परत पिशवीत ठेवला. भटूभाऊ माझ्याकडे वळला आणि हळूच म्हणाला, "अय्युबभाई, त्या भजीवाल्या पॅसेंजरसले आते कसं सांगशी?"