घराला किंमत येईल

उरणजवळ मिठागरांच्या कडेला असलेल्या एका गावात, त्याच मिठागरांवर काम करणारा बाबाजी घरत राहत असे. राहत असे हे आपण म्हणायचं. त्याच्या मते तो तिथे नुसता थांबला होता. हे घर एक दिवस चांगल्या भावाने विकायचं आणि उरणच्या बाजारपेठेत रस्त्यावरचं मोठं घर घ्यायचं, हे त्याने लग्नाआधीच ठरवून टाकलं होतं. त्याच्या चुलत्याचं घर गळक्या छपरापायी मातीमोल भावाने गेलं होतं. तेव्हापासून बाबाजी आपल्या घराकडे कधी आपल्या डोळ्यांनी बघतच नसे, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांनी बघायचा. भिंतीला पोपडा आला की तो मनातल्या मनात भाव उतरवायचा.

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या वर्षी सत्यवती लग्न होऊन या घरात आली. घर तसं बरं होतं, पण चुलीच्या खोलीत भरदुपारी दिवा लावावा असा अंधार. धुराने डोळे चुरचुरायचे. तिने महिनाभर वाट पाहिली आणि मग मागच्या भिंतीला एक खिडकी पाडून मागितली.

"आयशीनं जलमभर याच चुलीवर रांधलं," बाबाजी म्हणाला, "तिचे डोले काय गेले न्हाय."

सत्यवती गप्प बसली. पण ती गप्प बसली म्हणजे विषय संपला असं समजणाऱ्याला ती कळलीच नाही म्हणायची. आठ दिवसांनी त्याला वाढताना ती सहज म्हणाली, "गिऱ्हाईक काय एकलाच येल? बायकोला घेऊन येल. बायको आदी चूल बगल. आंधार बगून ती मागारी फिरली तर?"

बाबाजीचा घास हातात राहिला. हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"खिरकी पाडली तर घराला किमत येल," सत्यवती म्हणाली आणि आमटी वाढली.

त्याच आठवड्यात सुतार आला. सत्यवतीला त्या दिवशी घराची चावी सापडली असं म्हणायला हरकत नाही, आणि पुढे तिने ती मनसोक्त फिरवली. मागे आडोसा करून फरशी घातलेली न्हाणी झाली, कारण गिऱ्हाइकाच्या बायकोला न्हाणी लागते. पुढचा ओटा रुंद झाला, कारण भाव ठरवायला माणसं बसणार कुठे? माळ्याला धड पायऱ्या आल्या, छपरावर मंगळुरी कौलं आली, परसात सोनचाफा आला. नथीनेही घराला किंमत येते हे मात्र तिला काही केल्या पटवता आलं नाही. तिने प्रयत्न केला नव्हता असं नाही.

चौदा वर्षांत ते घर गावात नाव घेण्यासारखं झालं. बाबाजी खूश, सत्यवती त्याहून खूश. विकायचं विकायचं म्हणणारा माणूस कधी खरंच विकेल हे ती विसरूनच गेली होती. आणि त्रेसष्ट सालच्या फाल्गुनात खरंखुरं गिऱ्हाईक आलं.

कोंडाजी म्हणून मुंबईच्या गोदीतला मुकादम होता. नोकरी संपवून गावाकडे घर शोधत होता. रविवारी तो बायकोला घेऊन येणार, पटलं तर तिथल्या तिथे विसार देणार, आणि महिन्याभरात घर रिकामं करायचं, असा निरोप घेऊन बाबाजी उड्या मारतच घरी आला. सत्यवतीला हे घर सोडायचं नव्हतं. पण आता कोणत्या तोंडाने सांगणार? चौदा वर्षं तिनेच तर किंमत किंमत करून त्याचे कान भरले होते.

तिने मनाशी ठरवलं, आपण घराबद्दल एक शब्द चांगला बोलायचा नाही. बाई नाक मुरडेल, निघून जाईल, सुंठीवाचून खोकला जाईल. झाडलोटही करायची नाही. पण रविवारी पहाटे तिला राहवलं नाही. पाहुणे यायचे आणि अंगण सारवलेलं नको? तिने अंगण सारवलं, रांगोळी काढली, तांब्या घासला. मग स्वतःवरच चिडून बसली.

कोंडाजी आला. बरोबर त्याची बायको कमळ, उंच, ठसठशीत, मुंबईत राहून बोलण्याला धार आलेली. पुरुष ओट्यावर बसले, बायका आत गेल्या. मधे नुसता कुडाचा पडदा, त्यामुळे आतलं बाहेर आणि बाहेरचं आत सगळं ऐकू येत होतं.

"न्हाणी भलतीच मोठी," कमळ म्हणाली.

सत्यवतीने तिला तशीच माळ्याकडे नेलं.

"पायऱ्या उभ्या वाटतात."

सत्यवतीने ओठ दाबून धरले. बाहेर कोंडाजी भावाला तयार झाला होता. बाबाजीने सांगितला तो आकडा, एक आणाही कमी न करता. विसाराच्या नोटा ओट्यावर ठेवलेल्या तिला कुडाच्या फटीतून दिसल्या. सगळं संपल्यासारखं तिला वाटलं.

"आणि ही मागं खिडकी कशाला?" कमळने विचारलं. "नुसतं मिठागर दिसतंय. आम्ही ही बुजवून फळ्या मारू."

तेवढ्याने मात्र सत्यवतीचा बांध फुटला.

"बुजवू नको गो बाय!" ती म्हणाली. "सगलं घर मोड, पन ही खिरकी नको बुजवू. हितनं पार वलनापरत बांध दिसतो. मी आधन ठेवून हितं बसतंय. घरधनी बांधावर दिसलं का तांदूल वैरतंय. ते चालत येतात, पाय धुतात, पाटावर बसतात, तवर भात होतो. चवदा वरसात त्यांच्या पानात कंदी गार भात परला न्हाय. या खिरकीनं डोल्यांचा धूर गेला ते सोर. मना मानूस दिसतो हितनं."

कमळ खिडकीशी वाकली आणि बांधाकडे बघत राहिली.

ओट्यावर बाबाजी नोटांकडे बघत बसला होता. मिठागरावर गडी गार भाताच्या कागाळ्या करायचे, तेव्हा तो ऐटीत सांगायचा की आमची चूलच चांगली आहे. भात आपोआप गरम राहतो असं त्याला चौदा वर्षं खरोखर वाटत होतं. त्याने नोटा उचलल्या, नीट घडी केली आणि कोंडाजीच्या हातात ठेवल्या.

"भावाचं जमत न्हाय," तो म्हणाला.

"अहो, मागितलात तोच दिला की!"

"तोच जमत न्हाय."

कोंडाजी तापला. पण कमळ बाहेर आली आणि नवऱ्याला म्हणाली, "चला, दुसरं बघू. हे घर विकायचं नाही, यांना आत्ता कळलंय." आणि ती हसली. बाबाजीने त्यांना जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. जेवताना कोंडाजीचा रागही उतरला, कारण भात खरोखर छान झाला होता.

पाहुणे गेल्यावर बाबाजी चुलीच्या खोलीत आला आणि खिडकीशी बसला. या घरात जन्मलेला माणूस, पण इथे असा तो कधी बसला नव्हता. पांढऱ्या राशी, मधून जाणारा बांध, लांब वळण.

"मी येवऱ्या लांबनं दिसतंय तुला?"

"टोपी दिसते. मग चाल," सत्यवती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि त्याला धुराचं कारण सांगायची सोय उरली नव्हती. आनंदाने रडू येतं हे तिला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबाजी गड्यांबरोबर वळणावर आला, थांबला आणि डोक्यावरची टोपी काढून जोरजोरात हलवायला लागला.

"कोनाला र हात करतंस?" गड्यांनी विचारलं.

"माजे बायकोला," बाबाजी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला.

खिडकीत सत्यवती पदराने तोंड झाकून हसत उभी राहिली, उभीच राहिली. चुलीवरचं आधण उकळून उकळून अर्धं झालं. तांदूळ वैरले तेव्हा पाणी पुरलं नाही आणि भात खाली लागला. दोघांनी तो करपलेला भात चाटूनपुसून खाल्ला.