फेस केला की जातो

"ह्यात मासा ठेवायचा हाय का मंत्री?" म्हातारा फुआंग पलंगावरनं म्हणाला.

"मासाच. तुमचा काळ्या."

"मग त्यो राजवाडा काढ आधी. काळ्याचं काय लगीन लावायचंय?"

त्याच्या लेकीनं, लामचियाकनं, टाकीत हात घातला आणि प्लास्टिकचा राजवाडा उपसून अंगणात भिरकावला. काचेची ती टाकी तिच्या धाकट्या भावानं, थावॉननं, बँकॉकहून पाठवली होती. सोबत निळी खडी, बुडबुडे सोडणारा पंप आणि निरोप. आबांना माझ्याकडं आण, पण बाटल्यांचा पसारा नको. एकच मासा, तोही या टाकीत.

"पंप बी काढ. झुंजीचा मासा हाय, धारंत ढकलाढकली नगं त्याला."

"काढते. आणि?"

"पानी उतरव. वर तोंड काढून हवा घ्यावी लागती. म्हातारा झालाय त्यो, येवढा जिना चढाय लावू नगंस."

"उतरवते. मग जाल न्हवं थावॉनकडं?"

म्हाताऱ्याचं डावं अंग गेलेलं होतं. उजव्या हातात ताडाच्या पानाचा पंखा असायचा. त्याच्या लांब दांड्यानं तो पाठ खाजवायचा, कोंबड्या हाकलायचा आणि लेकीला हुकूम सोडायचा. त्यानं दांडा टाकीकडं रोखला.

"काळ्यानं फेस केला की जातो. मासा रमला की फेस करतो. न रमलेला जीव घिऊन मी कुठं जायाचा न्हाय."

नर पाण्याच्या तोंडाशी बुडबुड्यांचं अंथरूण घालतो, मादीनं अंडी दिली की ती त्यात सांभाळतो. पाणी मानवलं, जागा मानवली, तरच. नाखोन चाय सीच्या त्या कालव्याकाठी लहान पोरालाही हे ठाऊक. म्हाताऱ्यानं अट घातली ती धंद्यातलीच घातली. नाही कसं म्हणणार?

तिला घाई होती ती लेकीची. कुंग तिकडं दक्षिणेला, चुंफोनला दिलेली. पहिलंच बाळंतपण, दिवस भरत आलेले. बाळंतिणीला शेगडीशी निजवायचं, तापवलेले दगड फडक्यात गुंडाळून पोट शेकायचं, हे आईनं करायचं काम. कुंग फोनवर म्हणायची, "तुझे मासे कवा सोडतील गं तुला?"

मासे कसले सोडतात! घरामागं पत्र्याची शेड. तिच्यात दारूच्या चपट्या बाटल्या दाटीनं मांडलेल्या, एका बाटलीत एक नर, आणि दोन बाटल्यांमध्ये पुठ्ठ्याचा तुकडा. पुठ्ठा नसेल तर शेजारी शेजाऱ्याला बघतो, कल्ले फुगवतो, आणि दिवसभर काचेवर धडका देऊन संध्याकाळपर्यंत पार खलास होतो. म्हणून रोज सकाळी लामचियाक एकेक रांग धरून पुठ्ठे उचलायची. मासे घटकाभर एकमेकांवर फुलले, अंग मोकळं झालं, की पुन्हा पुठ्ठे. मग डासांच्या अळ्या. मग पाणी बदलणं. मधूनच म्हाताऱ्याची हाक. त्यानं ऐन उमेदीत पपनसाची बाग माशांच्या झुंजीवर उधळली आणि हा बाटल्यांचा संसार तेवढा मागं ठेवला. तिचा नवरा मासे पोचवायला म्हणून गेला तो दुसऱ्या बाईच्या दारात उतरला. म्हातारा पडल्यापासून ती या घराबाहेर एकदाही निजली नव्हती.

तर ती टाकीच्या मागं लागली. रांजणात मुरलेलं पाणी घेतलं. देशी बदामाची वाळकी पानं चुरून त्यात भिजत घातली, पाणी कोऱ्या चहासारखं लाल होईतो. निळी खडी काढून कालव्यातली वाळू धुऊन घातली. पाणवनस्पती लावली, वर एक रुंद पान तरंगत सोडलं, त्यावर मासा टेकतो. उडी मारू नये म्हणून तोंडावर जाळी टाकली. मागच्या काचेत काळ्या स्वतःलाच बघून फुलायला लागला, तेव्हा तिथं पुठ्ठा लावला. टाकी म्हाताऱ्याच्या उशाशी, स्टुलावर.

फेस येईना.

पाणी आणखी उतरवलं. फेस नाही. एक पोटुशी मादी बाटलीत घालून शेजारी ठेवली. काळ्या तिच्यापुढं शेपूट पसरून नाचला, म्हातारा खो खो हसला, आणि सकाळी पाण्यावर चार बुडबुडे इकडं, दोन तिकडं.

"रमंना गं," म्हातारा म्हणायचा. "बाटलीतला जीव त्यो. येवढ्या रानात कावराबावरा झालाय."

"का तुमी नजर लावताय?"

"माझी नजर लागत असती तर तुझा नवरा कवाच बुडला असता की."

तीही हसली. मग एका सकाळी त्याला पेज भरवायला बसली आणि तोंड पुसायला खाली वाकली, तर पंखा तिच्या दंडाला लागला. गार. दांड्याचं टोक ओलं होतं आणि त्याला बदामाच्या पानाचा एक कण चिकटलेला. जाळीचा कोपरा उचललेला.

"पंखा वला कशानं?"

"घाम आला हुता."

"दांड्याला?"

म्हाताऱ्यानं तोंड उघडलं. पेजेसाठी.

तिनं वाडगा आदळला. स्टूल उचललं तसं खोलीच्या पार पलीकडच्या भिंतीशी नेऊन ठेवलं. दांडा पोचणार नाही इतकं लांब. मागं वळून पाहिलं नाही. दिवसभर बाटल्या धुताना तिचे दात एकमेकांवर घासत होते. लेक तिकडं दिवस मोजतेय आणि हा बाप रोज पहाटे दांड्यानं फेस ढवळतोय!

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पानाखाली तळहाताएवढा फेस जमला. पांढरा, घट्ट. काळ्या खालून एकेक बुडबुडा नेऊन चिकटवत होता. म्हातारा टाकीकडं पाठ करून पडला होता.

तिनं ओटीवर बसून भावाला फोन लावला.

"थावॉन, फेस आला. गाडी घेऊन ये."

"सुटलो! येतो रविवारी."

"टाकी कुठं ठेवणार? एसीच्या वाऱ्यात नगं, गारठून मरंल. उन्हाच्या खिडकीत बी नगं."

"काळजीच नको ताई. आबांच्याच खोलीत ठेवू. तिथं एसी नाही, आणि खिडकीच नाही तर ऊन कुठलं? आधी सामान ठेवायचो तिथं. माशाला तर एक नंबर."

"आणि आबांना?"

"आबांना काय करायचीय खिडकी? चौदावा मजला, खाली बघून चक्कर यायची. आम्ही दोघं सकाळी कामाला जातो ते रात्रीच येतो. दार बाहेरून बंद असतं, त्यामुळं चोराचीसुद्धा भीती नाही. मागं हॉस्पिटलमधून आणलं तेव्हा ठेवलं होतं की. अगदी शांत होते."

तिनं फोन मांडीवर ठेवला. तो बराच वेळ आपला "ताई? ताई?" करत राहिला.

आत आली. म्हातारा तसाच पडलेला.

"आबा, मागच्या टायमाला थावॉनकडं दिवसभर काय करायचा?"

"काय करनार? लघवीला बाटली ठिवून जायाचे."

"आणि मग?"

"भरायचो."

"बोलला न्हाईसा कधी."

"तू कुनाला सांगनार हुतीस? पोरगं हाय आपलं."

ती उभी राहिली. मग परसात जाऊन कुंगला फोन केला.

"फेस आला का?" कुंगनं पहिलं तेच विचारलं.

"न्हाय आला."

"न्हायच?"

"न्हाय. आता येईल असं दिसत बी न्हाय."

तिकडं टीव्ही चालला होता. कुंगनं तो बारीक केला.

"सासूला सांगते," कुंग म्हणाली. "ती पेटवंल शेगडी. तिला तर मला भाजायचंच हाय."

"कुंगे, दगड फडक्यात दुहेरी गुंडाळाय सांग. आणि आधी आपल्या मनगटाला लावून..."

फोन बंद झाला होता. लामचियाकनं पुढचं वाक्य तसंच, मोबाईलकडं बघत पुरं केलं, "बघाय सांग."

थावॉनला रविवारी येऊ नको असं कळवून ती खोलीत गेली. स्टूल दोन्ही हातांनी धरून, पाणी हिंदकळू न देता, पलंगाच्या उशाशी आणलं. पहिल्या जागी. फेसाला धक्काही लागला नाही. खाली पडलेला पंखा उचलून तिनं म्हाताऱ्याच्या उजव्या हातात दिला. जाळीचा कोपरा वर केला.

म्हातारा तिच्याकडं बघत राहिला. मग फेसाकडं.

"लई झ्याक बांधलाय गं," तो म्हणाला.

"व्हय."

तिनं भिंतीवरची बादली काढली, अळ्यांची गाळणी काढली आणि शेडमध्ये गेली. व्यापाऱ्याची गाडी संध्याकाळी यायची होती आणि खालच्या रांगेचे पुठ्ठे सकाळपासून उचलायचे राहिले होते. तिनं पहिला उचलला. दोन्ही बाजूंनी मासे काचेवर आले, कल्ले फुगवून. तिनं पुढचा उचलला.