पुस्तकातलं पिठलं

ते जाडजूड पुस्तक ह्यांनी सेक्टर सतराच्या बाजारातून आणलं. चंदीगडला बदली होऊन दोन वर्षं झाली होती, घरी नुकतीच केबल आली होती. टीव्हीवर दिसणाऱ्या एका शेफनं त्या पुस्तकात इटलीपासून थायलंडपर्यंत सगळ्यांचा स्वयंपाक भरला होता. मी पानं उलटायची आणि डोक्याला हात लावायची. घरात ओव्हन नाही, अर्ध्या जिनसांची नावंही वाचता येत नव्हती.

आणलं होतं मुलीसाठी. ती चौदा वर्षांची, मी मराठीत बोलले की हिंदीत उत्तर द्यायची आणि माझं पिठलं दिसलं की ताट सरकवायची. तिनं घरचं काहीतरी आवडीनं खावं, एवढंच मला हवं होतं. एकदा मात्र स्वतःहून ओट्याशी आली.

"मम्मी, बेसन कितना डालते हो?"

"अगं, अंदाजानं. हाताला कळतं."

"मेरे हाथ को नहीं पता," म्हणाली आणि गेली. माझंच चुकलं, पण खरंच मी कधी मोजलं नव्हतं. आईनंही मला मोजून शिकवलं नव्हतं.

पुढच्या रविवारी ती पुस्तक घेऊन धावत आली. "मम्मी, हमारा वाला भी है इसमें." भारताच्या भागात, अगदी शेवटी, अर्ध्या पानावर पिठलं होतं. दोन टोमॅटो, वाटीभर दही, वरून मलई आणि कसुरी मेथी. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. लसणाचा पत्ताच नव्हता.

तिनं चमचे सपाट करून मोजले, घड्याळ लावलं, मला स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही. ताटात जे आलं ते केशरी होतं. ह्याला पिठलं म्हणायचं तर कढीला काय म्हणायचं, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण ती 'हमारा' म्हणाली होती. बोलले तर ती पुन्हा ओट्याशी फिरकणार नाही, न बोलले तर माझं पिठलं माझ्याबरोबरच संपणार.

"सही बना?"

"अगदी," मी म्हणाले.

आता ती मोहालीत संसार करते. परवा तिच्याकडे गेले, तेव्हा मीच हौसेनं माझं पिठलं केलं, लसणाची खमंग फोडणी देऊन. पाच वर्षांच्या नातवानं एक घास घेतला आणि ताट सरकवलं.

"ये नानी वाला नहीं है."

लेक म्हणाली, "मम्मी, आपने टमाटर नहीं डाले? इसके लिए तो वही नानी वाला है."

मी उठून फ्रिज उघडला. "किती घालू?"

"अंदाज़ से," ती म्हणाली.