लॉजवाल्याकडचा व्हिडिओ

निवृत्त पोलिसाला प्रत्येक घटना आजही आठवते. कोर्टात साक्षीला उभे केले की मात्र आठवत नाही. ही घटना मला खरोखर आठवते. त्या प्रकरणात चोर सापडावा असे सगळ्यांना मनापासून वाटत होते, आणि चोर नव्हताच.

मी तेव्हा जोयडा तालुक्यातल्या एका ठाण्यात पीएसआय होतो. निवृत्ती तोंडावर आली होती. सकाळची हजेरी संपता संपता खेड्यांवरची पहिली बस यायची आणि तिच्यातून दिवसाच्या तक्रारी उतरायच्या. कुणाची म्हैस, कुणाचा बांध, कुणाचा पिऊन आलेला जावई. त्या सकाळी नंदिगड्ड्याच्या पलीकडच्या एका वाडीवरची पस्तिशीतली बाई उतरली. पंच्यात गुंडाळलेला लॅपटॉप तिने तान्हे मूल धरावे तसा धरला होता. सोबत वाडीचे बुधवंत, म्हणजे गावप्रमुख.

"साहेब, आमच्या मामंजींचं बोलणं चोरीला गेलंय," ती म्हणाली.

ठाणे अंमलदाराने माझ्याकडे पाहिले. बोलणे चोरीला गेल्यावर कुठले कलम लावायचे हे त्याला ठाऊक नव्हते. मलाही नव्हते.

हकीकत अशी होती. वाडीची शेते जंगलात; पिढ्या गेल्या, कागद झाला नाही. वनहक्काचा दावा मान्य व्हायचा तर तीन पिढ्यांची वहिवाट दाखवावी लागते, आणि कागद नसेल तर जाणत्या म्हाताऱ्यांचे सांगणेही पुराव्यात धरतात. एका संस्थेने वाडीला जुना लॅपटॉप दिला होता. या बाईने एकेका म्हाताऱ्याचे बोलणे मोबाईलवर टिपून त्यात ठेवले आणि पुढच्यासाठी मोबाईल रिकामा केला. तिचे सासरे सर्वांत जाणते. ते काठी टेकत शेताच्या कडेने चालत गेले आणि बोलत गेले: हा बांध कोणत्या आजाने घातला, त्या फणसाखाली कोणाला पुरले, पाण्याचा पाट कधी आणि का वळवला. भातकापणीनंतर सासरे वारले. आता दाव्याची सुनावणी जवळ आली होती आणि लॅपटॉपवर त्यांचा व्हिडिओ नव्हता. उरली होती काही किरकोळ फायलींची नावे. प्रत्येकापुढे ढगाचे चिन्ह, आणि उघडत एकही नव्हती.

बुधवंतांनी चोराचे नावही सोबत आणले होते. बाईचा धाकटा दीर. तो गणेशगुडीला नदीकाठच्या एका लॉजवर बोटी चालवायचा. लॅपटॉप सारखा अपडेट मागत होता आणि वाडीवर रेंज नाही, म्हणून तो लॉजवर घेऊन गेला होता. परत आणला तेव्हा ही अवस्था.

"लॉजवाल्याचा आमच्या जमिनीवर डोळा हाय," बुधवंत म्हणाले. "ह्यानं बापाचं बोलणं इकलं त्याला."

"कशावरून?"

"देवानं कौल दिलाय."

कौल म्हणजे देवाच्या मूर्तीला पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी पाकळी पडली की होय. पण पुजाऱ्याच्या घरी सुतक होते, आणि ते फिटून कौल लागेपर्यंत अख्खी वाडी थांबली होती.

"तोवर आमच्याकडे का नाही आलात?"

"आदी घरचं कोर्ट साहेब, मग सरकारचं."

देवाच्या पद्धतीला हसावे अशी आमची पद्धत नव्हती. फिर्याद घेतली, पंच बोलावले, पंचनामा केला. लॅपटॉप जप्त. लॉजवर शिपाई पाठवून दिराचा मोबाईलही जप्त. बंद करून पाकिटात घातला आणि पाकिटावर लाखेची मोहोर. सगळे नियमाप्रमाणे.

दुपारी निनावी फोन आला. "त्यो पोरगा लॉजच्या मॅनेजरसंगं लॅपटॉप उघडून बसलेला बघितलाय मी." निनावी माणूस बहुधा खरे तेच सांगतो, त्याचा अर्थ तेवढा चुकीचा असतो.

दिराला बोलावले. वल्हे मारून रुंद झालेले खांदे, पण खुर्चीच्या कडेवर बसला होता.

"व्हिडिओ पुसलास?"

"वरचं पुसलं साहेब. खालचं न्हाई."

"वरचं म्हणजे काय?"

"वरचं म्हंजे ढगातलं. मोबाईल म्हणाला जागा संपली, मोठमोठं काय हाय ते काढ. खालचं लॅपटॉपात हाय न्हवं, म्हणून काढलं. भाताच्या दोन कणग्या असल्या आणि एक रिती केली, तर दुसरीतलं भात जातंय का साहेब?"

"मॅनेजरजवळ कशाला बसला होतास?"

"वायफायचा पासवर्ड पायजे होता. आदी समद्या बोटी धुवून घेतल्या, मग दिला."

रायटर हवालदाराने जबाबात लिहिले, 'संशयित उडवाउडवीची उत्तरे देत आहे.' हे वाक्य आमच्या खात्यात पेन आपोआप लिहिते.

मधल्या काळात वरिष्ठ येऊन गेले. 'सायबर गुन्ह्याचा छडा' अशी बातमी व्हायची होती. टेबलावर मोहोरबंद लॅपटॉप, शेजारी फुलदाणी, मोहोरेकडे दाखवणारे साहेबांचे बोट. फोटो झाल्यावर त्यांनी मला बाजूला घेतले.

"आत नेमकं काय आहे?"

"काहीच नाही सर. तीच तक्रार आहे."

"मग केस भक्कम आहे," ते म्हणाले आणि गाडीत बसले.

मुद्देमाल जिल्ह्याच्या सायबर शाखेत गेला. तिथे बँकांच्या फसवणुकींची रांग होती. म्हाताऱ्याचे बोलणे रांगेच्या शेवटी लागले. नंबर आला तेव्हा मी स्वतः गेलो. तिथली तरुण महिला कॉन्स्टेबल आधी पाकिटाकडे वळली. मोहोर शाबूत असल्याची तिने नोंद केली, मग मोबाईल चार्जिंगला लावून सुरू केला. तो टेबलावर थरथरू लागला. सूचनांमागून सूचना येत होत्या.

तिने त्या वाचल्या, लॅपटॉप पाहिला आणि म्हणाली, "सर, हे कोणी चोरलेलं नाही."

अपडेट संपताना मशीनने चार-पाच प्रश्न विचारले होते, आणि दिराने सगळे करतात तसे न वाचता होय म्हटले होते. त्यातल्या एका होयने डेस्कटॉपवरच्या फायली त्याच्या नावाच्या क्लाउड खात्यात गेल्या. त्यानंतर वरचे आणि खालचे असे वेगळे राहिलेच नव्हते. वरचे पुसले की खालचे पुसले जायचे. फुकटची जागा भरली तेव्हा मोबाईलने सगळ्यात मोठ्या फायलींची यादी पुढे केली. सासरे सगळ्यात जास्त बोलले होते, म्हणून यादीत ते सगळ्यात वर होते.

"परत आणता येईल?" मी विचारले.

"पुसलेलं कचरापेटीत महिनाभर राहतं सर. तेवढ्यात कोणी मोबाईल उघडून एक बटण दाबलं असतं, तर आलं असतं." तिने सूचनांकडे बोट केले. "हा तेच सांगत होता. कायमचं पुसलं जाणार आहे, कायमचं पुसलं जाणार आहे."

तो सांगत होता तेव्हा बंद होता, आमच्या पाकिटात.

तिने क्लाउड चालवणाऱ्या कंपनीला लिहून पाहिले. उत्तर नम्र होते आणि त्यात नाही हा शब्द सोडून सगळे होते. लॅपटॉपची डिस्कही तिने चाळली. तिथे जुन्याच्या जागी नवे लिहिले गेले होते. ढगाचे चिन्ह असलेल्या किरकोळ फायली मात्र तिथल्या नेटवर पटापट उघडल्या. वाडीवर त्या फक्त रेंजअभावी अडून होत्या.

त्यातली एक ठाण्यात बाईला दाखवली. पडवीत बसलेली एक म्हातारी कॅमेऱ्याकडे हात उडवत होती. "मला काय इचारतीस गं? माझं टकुरं चालंना. त्या दादाला इचार, त्याला समदं ठावं हाय. त्यानं सांगितलं की झालं."

मागे कोणीतरी खोकले.

"मामंजी," बाई म्हणाली. तिने तो खोकला पुन्हा लावायला सांगितला. पुन्हा लावला. मग आणखी एकदा.

गुन्हा घडलेला नाही म्हणून मी बी रिपोर्ट, म्हणजे तपास बंद केल्याचा अहवाल, कोर्टात पाठवला. कायद्याच्या भाषेत कोणाचे काहीच गेले नव्हते. सुनावणीत दावाही पुराव्याअभावी नामंजूर झाला. दोन्ही निकालांची भाषा नीटनेटकी होती.

दिराच्या नावावरचा डाग तरी पुसावा म्हणून मी वाडीवर गेलो. देवळासमोर सगळे जमले. मी जमेल तसे समजावले. बुधवंतांनी शांतपणे ऐकून घेतले.

"म्हंजे साहेब, त्ये बोलणं आता कुठंच न्हाई?"

"कुठंच नाही."

मग बुधवंत मान हलवत म्हणाले, "न्हाई साहेब. इकलंच त्यानं. लॉजवाल्याकडं हाय त्ये."

मी बाईकडे पाहिले. तिला सगळे माहीत होते. ती जमिनीकडे पाहत म्हणाली, "इकलं असंल तर बरंच हाय की साहेब. इकलेलं माघारी आणता येतं."

दीर भिंतीला टेकून उभा होता. तोही नाही म्हणाला नाही. पुढे तो गोव्याला कामाला गेला. एकदा रामनगरच्या स्टँडवर भेटला, तेव्हा मी त्याला म्हटले, "गावात ठणकावून सांग की खरं काय ते."

"कशाला साहेब? मला चोर म्हणत्यात, तवर वाट तरी बघत्यात."

नोकरीभर मी चोराला वाईट समजत आलो. या प्रकरणाने एवढेच शिकवले की चोर हीसुद्धा एक आशा असते. चोर आहे म्हणजे वस्तू कुठेतरी आहे. माणसे नुकसान सोसतात. ज्याच्यामागे कोणीच नाही असे नुकसान त्यांना सोसवत नाही. मग घरातलाच एक पोरगा त्याच्यामागे उभा करतात.

जोयड्याच्या बाजारात वाडीवरचे कोणी ना कोणी अजून भेटते. "काय साहेब, लॉजवाल्याकडनं कधी सोडवून आणताय म्हाताऱ्याचं बोलणं?" असे विचारते. मी निवृत्त झालो, हे त्यांना ठाऊक आहे.

"तपास चालू आहे," मी सांगतो.