ढाल कोणी घेत नव्हतं

"ढाल काढून टाकू या," केदार सर म्हणाले. "शुक्रवारी पब्लिशरला नवा बिल्ड दाखवायचाय. त्यात ढाल नको."

कॉलवर आम्ही तिघं होतो. पुण्याच्या ऑफिसातून केदार सर, म्हणजे आमचे लीड. पुण्यातूनच स्नेहल, ॲनिमेटर. आणि रोह्याच्या घरात, वरच्या खोलीत, मी. सरांचं वाक्य पूर्ण झालं आणि स्नेहलने आपला कॅमेरा बंद केला.

मी गेम कंपनीत कॉम्बॅट डिझायनर आहे. रोह्यात कोणी विचारलं तर 'कॉम्प्युटरचं काम' असं सांगून मोकळी होते, पण इथे जरा नीट सांगते. गेममध्ये चित्रं काढणारे वेगळे असतात, कोड लिहिणारे वेगळे. मी मारामारीचे नियम ठरवते. कुठलं हत्यार किती जोरात लागेल, ते फिरवायला किती वेळ जाईल, फिरवणारा किती दमेल, हे सगळं माझ्याकडे. पब्लिशर म्हणजे गेम बाजारात आणणारी कंपनी, आणि बिल्ड म्हणजे गेमची त्या दिवसापर्यंतची खेळता येणारी आवृत्ती.

आमच्या या गेममध्ये एक योद्धा राक्षसांच्या किल्ल्यात शिरतो. खेळणाऱ्याला सगळं त्या योद्ध्याच्या डोळ्यांनी दिसतं. प्रत्येक लढाईआधी एक शस्त्रागार लागतं. तिथे भाला असतो, कुऱ्हाड असते, धनुष्य असतं, दोन हातांनी पेलायची मोठी तलवार असते, आणि छोटी तलवार व ढाल अशी जोडी असते. यातलं एक निवडायचं आणि आत जायचं. निवड खरी वाटायला हवी. एकच हत्यार सगळ्यात भारी ठरलं, तर बाकीची नुसती भिंतीवर टांगलेली शोभा. हे जमवण्याला आम्ही बॅलन्सिंग म्हणतो.

ते जमत नव्हतं. टेस्टिंगच्या रिपोर्टात सगळे मोठी तलवार उचलत होते. भाला, कुऱ्हाड, धनुष्य अधूनमधून. ढाल मात्र लोक एकदा घ्यायचे, ठेवायचे, आणि परत तिच्याकडे बघायचे नाहीत.

मी आधी ढाल मजबूत केली. काही फरक नाही. मग हलकी केली. तरी नाही. मग मोठी तलवार थोडी जड केली. त्यावर लोकांनी तलवारीबद्दल तक्रारी केल्या आणि तीच तलवार घेऊन खेळत राहिले.

ढाल गेममध्ये हवी, हा हट्ट माझा होता. त्यासाठी मी मीटिंगमध्ये भांडले होते. शिवाय स्नेहल कॉन्ट्रॅक्टवर होती, आणि तिचं पुढचं सगळं काम ढालीच्याच हालचालींचं होतं. ढाल गेली की तिचंही काम संपलं. तिचा बंद झालेला कॅमेरा मला जास्त लागला.

"सर, गुरुवारपर्यंत वेळ द्या," मी म्हटलं.

"आज सोमवार आहे. काय करणार आहेस?"

"लोकांना खेळताना बघणार."

"रेकॉर्डिंग आहेत की आपल्याकडे."

"त्यात स्क्रीन दिसते, सर. खेळणारा दिसत नाही."

"गुरुवार संध्याकाळ," सर म्हणाले. "त्यानंतर काढायची."

मंगळवारी सकाळी लॅपटॉप घेऊन मी पेणची एसटी पकडली. पेणमध्ये माझी कॉलेजची मैत्रीण विद्या कॉम्प्युटर क्लास चालवते. गणपतीच्या कारखान्यांच्या गल्लीतच तिचा क्लास आहे, खिडकी उघडली की टेबलावर पांढरी धूळ बसते. तिने दोन विद्यार्थिनींना थांबवून ठेवलं होतं. मी त्यांना ढाल घेऊन खेळायला सांगितलं आणि शेजारी खुर्ची टाकून बसले.

दोघी थोडा वेळ खेळल्या. दोघींनी ढाल ठेवून तलवार घेतली.

"का गं ठेवलीस?" मी एकीला विचारलं.

"माहीत नाही ताई. ढाल घेतली की उलट जास्त मार बसतो."

माझ्या हिशेबाने हे अशक्य होतं. ढाल घेतल्यावर मार कमी बसायला हवा, तेच तर तिचं काम. मी वहीत 'जास्त मार?' लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.

दुपारी विद्याचे वडील तिचा डबा घेऊन आले. दत्ताकाका. खाडीकाठच्या गावातले, आणि आयुष्यभर वेल्डर. सध्या डोलवीच्या स्टील कारखान्यात कॉन्ट्रॅक्टरकडे असतात. त्या दिवशी त्यांची सुट्टी होती.

"काय गो शबाना, एवढं तोंड पाडून का बसलीस?"

मी सांगितलं. त्यांनी डबा ठेवला आणि खुर्ची ओढली. "दाखव बघू. आपुन पण मारू एखादा राक्षस."

काकांनी गेम कधी खेळला नव्हता. पहिला अर्धा तास नुसतं चालायला शिकण्यात गेला. मग त्यांनी मोठी तलवार घेतली, चार वेळा मेले आणि पाचव्या वेळी राक्षस पाडला. विद्याने टाळ्या वाजवल्या.

"आता ढाल घ्या, काका."

ढाल घेतली आणि काका सारखे मरायला लागले. पण त्यांनी ती ठेवली नाही. त्यांनी एक वेगळीच गोष्ट केली. ते खुर्चीतून अर्धवट उठायचे आणि मान उंच करायचे. भिंतीपलीकडे डोकवावं तसे स्क्रीनकडे डोकवायचे.

विद्या हसायला लागली. "बाबा, उठून काय दिसणारे?"

मी तिला हाताने थांबवलं. "काका, काय बघताय?"

"त्याचे पाय. ह्या तुझ्या ढालीनं झाकलेत."

"पाय कशाला बघायचेत?"

"अगो, तो मारायच्या आधी उजवा पाय पुढं टाकतो. तलवार घेतली तवा समोर दिसत होता. आता ढालीच्या मागं काय चाललंय ते दिसत नाय. मग मी ढाल उचलू कधी?"

मी त्यांच्या हातातून माउस घेतला आणि स्वतः बघितलं. खरंच. योद्ध्याच्या डाव्या हातातली ढाल स्क्रीनचा खालचा भाग व्यापून बसली होती. राक्षसाचं डोकं दिसत होतं, खांदे दिसत होते. पाय दिसत नव्हते.

गेममधला शत्रू वार करण्याआधी काहीतरी खूण देतो. आमच्या भाषेत त्याला टेल म्हणतात. ती खूण ओळखून खेळणारा वाचतो, नाहीतर खेळात काही अर्थच राहत नाही. आमच्या राक्षसांची ती खूण स्नेहलने पायांत ठेवली होती, आणि फार सुंदर ठेवली होती. तीच माझी ढाल झाकत होती.

हे ऑफिसात कोणाच्या लक्षात का आलं नाही? कारण आम्हाला ते राक्षस तोंडपाठ होते. कुठला किती मोजून मारणार हे बोटांना माहीत होतं. महिनोन्महिने आमच्यापैकी कोणी पायांकडे बघितलंच नव्हतं, कारण आम्हाला बघायची गरज नव्हती.

मी तिथूनच स्नेहलला फोन लावला.

"खूण खांद्यात घेता येईल?"

"सगळ्या राक्षसांची? दोन दिवसांत? शबाना, शक्य नाही गं."

"मग ढाल छोटी करू?"

"बशीएवढी केलीस तर तिला ढाल कोण म्हणेल?"

काका ऐकत होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, "ढाल सारखी तोंडासमोर कशाला धरायची पण?"

"म्हणजे?"

त्यांनी टेबलावरची वही डाव्या हातात घेतली आणि उजव्या हातात फूटपट्टी. "ही माझी वेल्डिंगची स्क्रीन. तोंडासमोर धरायची, काळ्या काचेची. हा रॉड. आता काळ्या काचेतनं ठिणगी पडल्याबिगर काय दिसत नाय. म्हणून ही अशी कडेला ठेवायची. रॉड जागेवर आणायचा, जॉब, म्हंजे जोडायचा तुकडा, बघायचा, आणि ठिणगी पडायच्या येळेलाच..." वही झटकन त्यांच्या चेहऱ्यासमोर आली. "टाका मारला की परत कडेला. सारखी तोंडासमोर धरणारा आंधळाच की."

मी त्यांना ते तीनदा करायला लावलं आणि मोबाइलवर शूट केलं. वही किती खाली असते, किती वेगाने वर येते, कुठे थांबते, सगळं. मग स्नेहलला व्हिडिओ पाठवला. पाच मिनिटांत तिचा मेसेज आला, "हे जमेल."

बुधवारचा अख्खा दिवस त्यात गेला. ढाल आता डावीकडे, खाली, अंगाला धरलेली. बटण दाबलं की झटकन समोर येणार, वार झेलणार, परत खाली जाणार. गुरुवारी दुपारी नवा बिल्ड विद्याला पाठवला. त्याच दोघी मुली बसल्या. तासाभराने विद्याचा फोन आला. "त्यांना घरी जायला सांग तू. माझं ऐकत नाहीत. तिसरी बॅच येऊन उभी आहे."

केदार सरांना पटायला वेळ लागला. "म्हणजे खेळणाऱ्याला वेळ साधावी लागणार. अवघड नाही का होणार?"

"होऊ दे, सर. आता त्याला दिसतंय तरी."

त्यांनी स्वतः खेळून बघितलं. वीसेक मिनिटं कॉलवर फक्त माउसचा आवाज येत होता. मग म्हणाले, "उद्या तूच दाखव."

शुक्रवारी पब्लिशरची बाई कॉलवर होती. आमच्यासमोर खेळणार होती. तिने अपेक्षेप्रमाणे मोठी तलवार उचलली. दोनदा मेली. शस्त्रागारात परत आली, भिंतीसमोर थांबली, आणि ढालीकडे वळली. मी टेबलाची कड धरून बसले होते. राक्षसाने पाय टाकला. ढाल वर आली. वार अडला. बाई मोठ्याने हसली आणि कोणाला काही न विचारता पुढच्या खोलीत शिरली. ती लढाईही ढालीनेच.

"ढाल तुमच्या गेमची सगळ्यात चांगली गोष्ट आहे," ती शेवटी म्हणाली. "ही तुम्ही काढणार होतात असं ऐकलं?"

केदार सर म्हणाले, "मी काढणार होतो. शबानाने ऐकलं नाही."

बारा वर्षांच्या नोकरीत माझ्याबद्दल कॉलवर बोललेलं एवढं छान वाक्य मी ऐकलेलं नाही. स्नेहलचा कॅमेरा चालू होता. ती डोळे पुसत होती आणि ते लपवतही नव्हती.

मी खाली स्वयंपाकघरात गेले. "अम्मी, ढाल राहिली."

"अल्हमदुलिल्लाह," अम्मी भाकरी उलटत म्हणाली. "कुठली ढाल?"

गेम बाजारात आला. ज्यांनी त्यात काम केलं त्यांची नावं शेवटी येतात. त्यात दत्ताकाकांचं नाव मी घालायला लावलं. हुद्दा काय लिहायचा, यावर मेल फिरले. मी लिहिलं, 'ढालीचे सल्लागार'. काकांनी नाव बघितलं, चष्मा काढून परत बघितलं, आणि विद्याला विचारलं, "ह्याचा फोटो काढून शिफ्टमधल्या पोरांना दाखवला तर चालंल ना?"

आता टीममध्ये नवीन कोणी आलं की त्याला पहिल्या दिवशी मी एकच गोष्ट सांगते. ज्याला आपला गेम तोंडपाठ आहे, त्याचं मत कधी घेऊ नकोस. माझं तर अजिबात नको.