झेंडा घेणारं माणूस

सोमाजी मेश्रामचं काम चालण्याचं. गॅसच्या पाइपलाइनीवरून रोज आठ किलोमीटर जंगलातून जायचं, कुठे गवत अवचित वाळलंय का, कुठे फुसफुस ऐकू येते का ते पाहायचं. वाटेत बोलायला कोण? वच्छला, त्याची बायको, जाऊन सहा वर्षं झाली. घरी कुलूपच तेवढं त्याची वाट पाहायचं, आणि तेही मेलं गंजलेलं.

त्याला वाघाची भीती नव्हती, ठमाबाईची होती. एकटी म्हातारी, तिचं मोहाचं झाड लाइनीला लागून. मोहफुलं वेचायला भुई साफ हवी म्हणून आपल्याकडे मार्चात झाडाखालचा पाला पेटवतात. सोमाजीने लाख समजावलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी तोच रोज सकाळी खराटा घेऊन तिथला पाला झाडू लागला.

"पेटवू दे ना रे! दोन मिनिटाचं काम हाये."

"बाई, खाली गॅस हाये. झाडासकट जाशील."

"जाईन त जाईन. रडणारं कोन हाये मले?"

सोमाजी पुन्हा खराटा मारू लागला. त्याला तरी कोण होतं!

महिनाअखेरीस कंपनीने गळतीची रंगीत तालीम ठेवली. मोजणीसाठी गावाची यादी सोमाजीनेच केली, दोनशे बारा माणसं. स्वतःचं नाव लिहिलं नाही. तो पडला कामावरचा. सकाळी भोंगा वाजला. त्याने चिमूटभर धूळ उडवून वारा पाहिला आणि वारा जिकडून येत होता तिकडे, शाळेकडे, सगळ्यांना पिटाळलं. गॅसजवळ मोबाइल नेलेला चालत नाही, म्हणून त्याने आपला कंपनीच्या साहेबांच्या जीपमध्ये ठेवला आणि तो लाल झेंडा घेऊन मोहाजवळच्या वाटेवर उभा राहिला. दुसऱ्याने हातातून झेंडा घेईपर्यंत जागा सोडायची नाही, असा नियम.

लांबून टाळ्या ऐकू आल्या. मग जीप निघाल्याचा आवाज. आता येईल कोणीतरी, म्हणून तो थांबला.

बारा वाजले. दोन वाजले. तालीमच ती, घरी गेला असता तरी कोणाचं काय बिघडणार होतं? पण सोमाजी हट्टाला पेटला होता. आपण इथे उभे आहोत हे एका तरी माणसाला आठवतं का, हे त्याला आज पाहायचंच होतं. कोणी येत नव्हतं, आणि त्याला फार वाईट वाटत होतं.

तीनच्या सुमारास काठी टेकत ठमाबाई आली. दुसऱ्या हातात पोह्यांचं पुडकं.

"येडा हायेस का रे? सारे कवाचे घरी गेले."

"मोजणी झाली?"

"झाली. साहेब म्हने, दोनशे बारा, सारे आले. मी म्हटलं, सोम्या कुठी हाये? त म्हने, यादीत नाई. घरी तुया कुलूप. गावभर हुडकलं तुले." म्हातारीला धाप लागली होती. तिने हात पुढे केला. "दे तो झेंडा."

मुठीतून दांडा सुटायला वेळ लागला. मग दोघं मोहाखाली, त्यानेच झाडलेल्या भुईवर बसली. गार पोहे खाता खाता सोमाजीला रडू आलं, आणि त्याने ते म्हातारीपासून लपवलं नाही.