भीमतालचा अंदाज

अरुणाताई माझी थोरली बहीण. लग्न होऊन सोलापूरहून दिल्लीला आली ती आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये, आणि वर्ष-दीड वर्षात तिलाही हवामानाच्या एका कार्यालयात नोकरी लागली. तिच्याकडे कुमाऊंच्या डोंगरांतल्या तलावांचा पट्टा होता. भीमताल, सातताल, नौकुचियाताल. तिकडून रोज ट्रंक कॉलवर तापमान, वारा, पाऊस यांचे आकडे यायचे. ते आकडे आणि साहेबांचे नकाशे यांवरून ती येत्या आठवड्याच्या अंदाजाचा हिंदी मसुदा करायची. साहेब सही करायचे आणि कागद रेडिओकडे जायचा.

इतकी वर्षं हे काम केलं, पण ताईने तो भाग कधी पाहिला नव्हता. श्यामकांत भावजी तिला चिडवायचे, "रोज त्या तळ्याचा ताप मोजतेस, एकदा जाऊन नाडी तरी बघू." दर ऑक्टोबरात जायचं ठरायचं आणि भावजींची रजा कुठल्या ना कुठल्या फाइलीत अडकायची.

१९८५च्या सप्टेंबरात भावजी ऑफिसला निघाले आणि बसस्टॉपवर कोसळले. लोकांनी टॅक्सीत घालून हॉस्पिटलात नेलं, पण वाटेतच सगळं संपलं होतं.

मी सोलापूरहून पोचले तेव्हा ताई स्वयंपाकघरात भेंडी चिरत बसली होती. शेजारच्या बंगाली बाई तिच्या हातातली सुरी काढून घ्यायला बघत होत्या. मला पाहून ताई म्हणाली, "आलीस? गाडी वेळेवर होती का?" मग भेंडीकडे बोट करून म्हणाली, "कालच आणली होती. वाया जाईल."

ती रडली नाही. पहिल्या दिवशी नाही, दहाव्याला नाही, तेराव्यालाही नाही. येणाऱ्या बायका तिला मिठी मारून रडायच्या आणि ती त्यांच्या पाठीवरून हात फिरवायची. मी एकदा म्हटलं, "ताई, रडून घे गं. मोकळं वाटेल." ती म्हणाली, "अगं, मी अडवून नाही धरलंय. येतच नाही काही."

भावजींचा धाकटा भाऊ जयंत पुण्याहून आला होता. तो म्हणाला, "वहिनी, हे क्वार्टर दादाच्या नावावर. आज ना उद्या सोडावंच लागेल. पुण्याला चला आमच्याकडे."

"बरं," ताई म्हणाली. तेव्हा ती सगळ्यालाच बरं म्हणत होती. चहा घेतेस का, बरं. झोपतेस का, बरं.

तेरावं झालं आणि लगेच पुढच्या सोमवारी ती ऑफिसला निघाली. मला काळजी वाटली म्हणून मी बरोबर गेले आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून राहिले. थोड्या वेळाने फोन वाजला. भीमतालच्या केंद्रावरचे पंतजी. लाइन इतकी खराब, की ते ओरडून बोलत होते आणि मला इकडे सगळं ऐकू येत होतं.

"बहनजी, बहुत दिन आप नहीं थीं?"

"मेरे पति नहीं रहे, पंतजी."

पंतजींचा आवाज जरा उतरला, तरी मला ऐकू आला, "लिखिए बहनजी. न्यूनतम ग्यारह." ताईने पेन उचललं आणि लिहायला लागली. त्या सगळ्या दिवसांत तिचे खांदे मला पहिल्यांदा जरा सैल झालेले दिसले.

त्या आठवड्याचा अंदाज तिनेच लिहिला. बुधवारपर्यंत आकाश निरभ्र. गुरुवारी दुपारनंतर जोराचा वारा आणि पाऊस, तलावात नावा घालू नयेत. साहेबांची सही घेऊन आली आणि मला म्हणाली, "वृंदा, भीमतालला येतेस?"

"आत्ता? तूच तर पाऊस लिहिलायस."

"हो," ती म्हणाली. "रजा अजून शिल्लक आहे."

लोक काय म्हणतील, हे माझ्या जिभेवर आलं होतं. पण मी म्हटलं, येते.

काठगोदामपर्यंत रेल्वे, पुढे बस. पोचलो तेव्हा ऊन लख्ख होतं आणि तळं हिरवंगार. मी डोळे भरून बघत होते. ताई काठावर उभी राहिली आणि म्हणाली, "बरंच मोठं आहे." बस्स, तेवढंच.

गुरुवारी दुपारी आम्ही काठावरच्या चहाच्या टपरीत होतो. रेडिओ चालू होता. बातम्यांनंतर ताईचीच वाक्यं आली, दुसऱ्या कुणाच्या तरी आवाजात. टपरीवाल्याने लगेच बाकं आत घ्यायला सुरुवात केली. बाहेर एक नवविवाहित जोडपं नाववाल्याशी हुज्जत घालत होतं. ऊन आहे, चलो ना भैया. नाववाला म्हणाला, "रेडियो ने मना किया है, साहब," आणि नाव ओढायला वळला. एकेक करून सगळ्या नावा वर यायला लागल्या.

ताई चहा तसाच ठेवून बघत होती. मला म्हणाली, "ऐकतात हे लोक. मला वाटायचं, नुसतं वाचून दाखवतात."

डोंगरामागून ढग आले ते एकदम आले. शेवटची नाव चिखलात रुतली होती. दोघं ओढत होते आणि ती हलत नव्हती. ताईने पर्स माझ्या हातात दिली, पदर खोचला आणि जाऊन दोर धरला. माणसं "अरे माताजी, रहने दीजिए" म्हणत राहिली. तिने सोडला नाही. नाव वर आली आणि त्याच क्षणी पाऊस कोसळला.

टपरीत परत आली तेव्हा तिचा तळवा सोलवटून लाल झाला होता. ती कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "दुखतंय. वृंदा, दुखतंय गं." अगदी नवल वाटल्यासारखी. मीच हुंदके द्यायला लागले. ती नाही.

पाऊस ओसरल्यावर पंतजींच्या केंद्रावर गेलो. बारीक, कानटोपी घातलेले गृहस्थ. त्यांनी तिच्या हाताला टिंक्चर लावलं आणि म्हणाले, "आवाज़ से लगता था, आप बहुत लंबी होंगी." ताई किंचित हसली. भावजींचा विषय दोघांनीही काढला नाही.

दिल्लीला परतलो तर पुण्याहून जयंतचा फोन आला. तिकिटं काढू का, विचारत होता.

"नको," ताई म्हणाली. "मी इथेच राहीन. मीही सरकारी नोकरीत आहे. क्वार्टर माझ्या नावावर करून घेईन."

करून घेतलं, पण त्यापायी हिवाळाभर सरकारी कचेऱ्यांत या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरली. निवृत्त होईपर्यंत त्याच पट्ट्याचं काम केलं. आता दिल्लीतल्याच द्वारकेत एका सोसायटीत राहते. ती रडली कधी, की नाहीच, हे मला आजही ठाऊक नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

त्या वर्षी थंडी पडली तेव्हा तिने भावजींचे गरम कपडे एकटीने बाहेर काढले आणि वाटून टाकले. एक राखाडी कोट तेवढा ठेवला. बाह्या दुमडून तोच घालून ती बसने ऑफिसला जायची. बायका वळून बघायच्या. बघू दे, म्हणायची, ऊब आहे त्याला.